गाठ निघाली, तार सप्तक अडलं : थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर एका गायिकेच्या आवाजाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत घरीच गाण्याचे क्लास घेणाऱ्या एक शिक्षिका. वय चाळिशीच्या आतलं, विशारद झालेल्या, पट्टी (पेटीवरचा जो सूर ‘सा’ धरून गातात तो) काळी चार. संध्याकाळी दोन बॅचेस, त्यात बहुतेक शाळकरी मुली, आणि गणपती-नवरात्रात नाट्यपदांचे चार-पाच कार्यक्रम. नाट्यपद म्हटलं की तार सप्तकात जाणं आलंच, आणि काळी चारमध्ये तार पंचम त्यांना सहज लागत असे. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

मानेच्या उजव्या बाजूला गिळताना वर-खाली होणारी गाठ दिसू लागली. सोनोग्राफीत ती थायरॉइड ग्रंथीच्या उजव्या खंडात, वरच्या टोकाला, साडेचार सेंटिमीटरची निघाली. सुईच्या तपासणीत कर्करोग दिसला नाही, पण संशय पुरता फिटलाही नाही. म्हणून तो खंड काढायचं ठरलं. डिसेंबरात मिरजेच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी होती. जखम छान भरली, व्रण गळ्याच्या घडीत लपून गेला.

अडचण

बोलण्यात फारसा फरक नव्हता. फोनवर कुणाला काही कळत नसे. सहा आठवड्यांनी क्लास सुरू झाला तेव्हा मात्र तार षड्जाच्या वर आवाज जाईना. रिषभाला तो फाटे किंवा सुराऐवजी नुसती हवा येई. एका मुलीने पेटीची पट्टी दाबून ठेवत विचारलं, “ताई, हाच सूर ना? तुमचा खाली राहतोय.” दुसरी तक्रार थकव्याची होती. पूर्वी दोन बॅचेस सलग व्हायच्या, आता पहिल्या अर्ध्या तासातच गळा भरून येई आणि हनुवटीखाली दुखे.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं. दोन्ही स्वरतंतू व्यवस्थित जुळत आणि उघडत होते. “तंतू हलतायत, काळजीचं कारण नाही, येईल हळूहळू,” असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. यातलं पहिलं वाक्य खरं होतं, पण बाईंच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

घरच्यांना वाटलं, मनाने घेतलंय. ज्येष्ठमध, खडीसाखर, गरम पाणी हे सगळं झालं. (गिळलेली कोणतीही वस्तू स्वरतंतूंवरून जात नाही, ती मागून अन्ननलिकेत उतरते. घशाला बरं वाटतं, ते वाटू द्यावं. त्याने तार गंधार लागत नाही.) बाईंनी स्वतः दोन उपाय केले. पहाटे तासभर खर्ज, म्हणजे मंद्रातले खालचे सूर, लावायला सुरुवात केली आणि संध्याकाळी वरचे सूर जोर लावून काढायचा सपाटा धरला. चौदाव्या आठवड्यात त्या आवाजाच्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा मूळ दुखण्यावर हे दुसरं चढलेलं होतं.

गळ्यात स्वर उंचावतो कसा

हे प्रकरण समजायचं तर मानेतल्या दोन व्यवस्था वेगळ्या पाहाव्या लागतात.

पहिली स्वरयंत्राच्या आतली. हाताला लागतो तो कंठमणी म्हणजे थायरॉइड कूर्चेचा पुढचा कोपरा. त्याखाली अंगठीच्या आकाराची क्रिकॉइड कूर्चा असते. दोन्हींच्या मध्ये पुढच्या बाजूला बोटाच्या टोकाला कळेल एवढी फट आहे. या फटीच्या दोन्ही अंगांना क्रिकोथायरॉइड नावाचा छोटा स्नायू असतो. तो आकसला की फट मिटते, क्रिकॉइडची मागची बाजू कलते आणि तिच्यावर बसवलेले स्वरतंतू मागून ओढले जाऊन लांब, पातळ आणि ताठ होतात. तंतू लांबले तर स्वर उतरायला हवा, असा प्रश्न इथे साहजिक पडतो. पण ताण लांबीपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. लांबी तीच राहिली तरी एक सप्तक चढायला ताण चौपट करावा लागतो. इथे लांबीही वाढते, म्हणून त्याहून जास्त. हे काम मुख्यतः या एकाच जोडीचं आहे.

स्वरयंत्रातले बाकीचे सगळे स्नायू रिकरंट लॅरिंजियल नर्व्हवर चालतात. क्रिकोथायरॉइड तेवढा वेगळा, त्याला सुपीरियर लॅरिंजियल नर्व्हची बाहेरची शाखा जाते. ती थायरॉइड ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून, तिथल्या धमनीला जवळजवळ बिलगून उतरते. १९९२ मध्ये सेर्निया या शल्यचिकित्सकांनी तिचे प्रकार पाडले. काहींत ती धमनीला ग्रंथीच्या टोकापासून एक सेंटिमीटरहून जास्त वर ओलांडते, काहींत एक सेंटिमीटरच्या आत, आणि काहींत चक्क टोकाच्या खाली. गाठ मोठी आणि वरच्या टोकाला असेल तर टोक वर सरकतं आणि धोक्याचे प्रकार वाढतात. या बाईंच्या बाबतीत तसंच होतं.

या नसेशी शल्यचिकित्सकांमध्ये एक गोष्ट जोडली जाते. ऑपेरा गायिका अमेलिता गाली-कुर्ची यांची १९३५ मध्ये शिकागोत गलगंडाची शस्त्रक्रिया झाली आणि ही नस दुखावल्याने त्यांचा गळा गेला, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. पुढे जुनी परीक्षणं तपासणाऱ्यांनी दाखवलं की त्यांचा आवाज आधीपासूनच उतरणीला लागला होता. नस कुणाचीही असो, आधीची नोंद हाताशी नसेल तर नंतर वाद मिटत नाही.

दुसरी व्यवस्था मानेतली. स्वरयंत्र हायॉइड हाडाला टांगलेलं असतं. हायॉइडच्या वरचे स्नायू जबड्याकडे आणि कवटीकडे जातात, खालचे पट्ट्यासारखे स्नायू छातीच्या हाडाकडे. वरचे ओढले की स्वरयंत्र वर चढतं, खालचे ओढले की उतरतं. मानेच्या मणक्यांना पुढे हलका बाक असतो. स्वरयंत्र उतरताना क्रिकॉइड त्या बाकावरून किंचित फिरते आणि तंतू आखूड, सैल होतात. खर्ज लावताना कंठमणी खाली जाताना दिसतो तो यामुळे. म्हणजे मानेचे स्नायू स्वर हलवतात, पण थोडासा. मिरजेच्या तंबोऱ्यावर खुंटी आणि मणी असतात तसं हे आहे. सूर चढवायचा खुंटीने, मण्याने फक्त नीट बसवायचा. बाईंची एक खुंटी अडकली होती आणि त्या मणी ढकलत होत्या.

तपासणीत काय दिसलं

आधी आवाज मोजला. काळी चारचा षड्ज २०८ हर्ट्झ, तार षड्ज ४१५, तार पंचम ६२२. शस्त्रक्रियेआधीच्या वर्षीच्या एका कार्यक्रमाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग विद्यार्थिनींच्या ग्रुपवर सापडलं आणि त्यात तार पंचम स्वच्छ ऐकू येत होता. आता जोर लावून ४६६ हर्ट्झ, म्हणजे तार रिषभ, कसाबसा लागे. जोर न लावता आवाज ३९२ च्या आसपास थांबे. खाली मात्र मंद्र पंचमापर्यंत सगळं शाबूत. एका श्वासात “आ” ११ सेकंद टिकला. निरोगी प्रौढ बाईचा साधारण १५ ते २५ सेकंद टिकतो.

सगळ्यात बोलकी चाचणी साधी मींड होती. मंद्रापासून वर न तोडता “ऊ” वर चढत जायचं. चढण तार षड्जाच्या अलीकडे अडखळे, मग एकदम उडी घेऊन पातळ आवाजात जाई. त्याच वेळी कंठमण्याखालच्या फटीवर बोट ठेवलं होतं. स्वर चढताना ती मिटायला हवी. डाव्या अंगाला थोडी मिटल्यासारखी वाटली, उजवीकडे जवळजवळ तशीच राहिली. उलट अख्खं स्वरयंत्र जबड्याखाली सरकलं, हनुवटी पुढे आली आणि हनुवटीखालचा मऊ भाग दगडासारखा घट्ट झाला.

स्ट्रोबोस्कोपीत, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची कंपनं संथ दाखवणाऱ्या दुर्बिणीत, साध्या सुरावर सगळं ठीक दिसलं. उंच सुरावर उजवा तंतू किंचित आखूड आणि वाकलेला, दोन्ही तंतूंच्या पातळीत थोडा फरक. या खुणांवर एकट्यावर विसंबता येत नाही, त्या माणसागणिक बदलतात. म्हणून मींड, फटीवरचं बोट आणि दुर्बीण ही तिन्ही एकत्र वाचली.

शस्त्रक्रियेची नोंद मागवली. वरचं टोक मोकळं करायला उजवा स्टर्नोथायरॉइड स्नायू वरच्या बाजूला कापून पुन्हा शिवला होता. नसेचा उल्लेखच नव्हता. म्हणजे स्वरयंत्र खाली धरणारा एक पट्टाही दुबळा होता, आणि ते वर पळायला मोकळं झालं होतं. पाणी पिताना व्रणाची त्वचाही स्वरयंत्राबरोबर ओढली जात होती, आत चिकटून बसल्याची ती खूण. रक्तातलं टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारं संप्रेरक) तपासलं, योग्य होतं. ते बघणं भागच होतं, कारण खंड काढल्यावर थायरॉइड कमी पडलं तरी आवाज जड होतो.

निदान असं : सुपीरियर लॅरिंजियल नर्व्हच्या उजवीकडच्या बाहेरच्या शाखेला इजा, बहुधा अर्धवट, आणि तिची भरपाई करताना मानेच्या वरच्या स्नायूंना लागलेली चुकीची सवय.

कोणते पर्याय तोलले

थांबून पाहणं. नस तुटली नसून फक्त ताणली गेली असेल तर सहा महिन्यांपासून वर्षभरात सुधारणा होऊ शकते. पण नुसतं थांबणं म्हणजे मानेची वाईट सवय आणखी पक्की होऊ देणं. पूर्ण मौनाचाही विचार झाला आणि तो लगेच बाजूला ठेवला. इथे सूज किंवा फोड नव्हता आणि मौनाने नस जुळत नाही.

स्नायूची विद्युत चाचणी, म्हणजे क्रिकोथायरॉइडमध्ये सुई घालून केलेली ईएमजी. तिने इजा किती हे जास्त नेमकं कळलं असतं. त्यासाठी पुण्या-मुंबईच्या फेऱ्या आल्या असत्या, आणि निकाल काहीही आला तरी पुढचे तीन महिने तोच व्यायाम करायचा होता. निर्णय बदलणार नसेल तर चाचणी का, या प्रश्नावर ती पुढे ढकलली. यावर दोन मतं होऊ शकतात. “सुधारेल की नाही हे आत्ताच कळलं असतं तर नवरात्राचं तरी ठरवता आलं असतं,” असं बाई नंतर म्हणाल्या, आणि ते खोटं नाही.

शस्त्रक्रिया. थायरॉइड आणि क्रिकॉइड कूर्चा टाक्यांनी जवळ बांधून तंतू ताणून ठेवता येतात. इशिकी या शल्यचिकित्सकांच्या वर्गीकरणात ही चौथ्या प्रकारची थायरोप्लास्टी, म्हणजे थायरॉइड कूर्चेवरची शस्त्रक्रिया. बोलण्याची पट्टी तिने वर जाते, पण फट कायमची मिटल्यावर चढ-उतारच उरत नाही. मींड गाणाऱ्या माणसाला हा पर्याय देऊच नये. तंतूंत इंजेक्शन देण्याचीही गरज नव्हती, ते पूर्ण जुळत होते.

राहिला तो आवाजाचा व्यायाम, मानेवरचे हाताचे उपचार आणि पट्टी उतरवणं. तिसऱ्यावर खूप वेळ चर्चा झाली.

पट्टीचा निर्णय

५२३ हर्ट्झचा एकच सूर काळी चारमध्ये तार गंधार असतो आणि पांढरी चारमध्ये तार पंचम. पट्टी तीन अर्धस्वर उतरवली की बरीचशी पदं पुन्हा आवाक्यात येतात. बाईंचा विरोध होता. मुली काळी चार-पाचच्या, त्यांच्यासमोर बसून खाली गायचं कसं? शिवाय पांढरी चारमध्ये मंद्र पंचम १३१ हर्ट्झवर जातो आणि तिथे त्यांचा आवाज पोकळ होई. वर मिळवायचं तर खाली गमवायचं.

ठरलं ते असं. क्लासमध्ये आणि कार्यक्रमात पांढरी चार, मंद्रात धैवतापर्यंतच. मुलींना त्यांच्या पट्टीत शिकवताना वरच्या जागा पेटीवर दाखवायच्या आणि गाऊन दाखवायला मोठ्या बॅचमधली एक विद्यार्थिनी बसवायची. व्यायामात मात्र वरच्या मर्यादेच्या जवळ रोज जायचं, कारण ज्या स्नायूला जागं करायचंय त्याला काम दिल्याशिवाय तो जागा होत नाही. गाण्यात आराम आणि व्यायामात ताण, ही विभागणी सुरुवातीला त्यांना उलटी वाटली.

काय केलं

पहिले तीन आठवडे मान मोकळी करण्यावर गेले. वाचा-उपचारतज्ज्ञाने अंगठा आणि तर्जनी हायॉइडच्या दोन टोकांवर ठेवून हलकी गोलाकार मालिश केली, मग हायॉइड आणि कंठमण्यामधल्या खाचेत, मग स्वरयंत्र हळूच खाली आणि बाजूला हलवत. दर खेपेला पाच-सात मिनिटं. व्रणाच्या कडेने त्वचा वेगळी हलवली. हे घरच्या कुणाकडून किंवा मान चोळणाऱ्या बाईकडून करून घ्यायचं नाही, हे स्पष्ट सांगितलं. दोन बोटं बाहेर सरकली की ती थेट मेंदूला जाणाऱ्या धमन्यांवर येतात.

बैठक बदलली. पेटी जमिनीवर, डावा हात भात्यावर, डोळे पट्ट्यांवर, त्यामुळे मान पुढे आणि हनुवटी वर राहत होती. पेटीखाली पाट आला, बसायला चार बोटं उंचीची चादरीची घडी. कान खांद्याच्या रेषेत यावा इतकंच लक्ष्य. मान सरळ केली की गेलेला सूर परत येतो, असं सांगणारे भेटतील, पण बैठकीने नस बरी होत नाही. चुकीच्या स्नायूंना मिळणारा आधार तेवढा जातो.

मग नळीचा व्यायाम. पेल्यात पाणी, शीतपेयाची साधी नळी दोन सेंटिमीटर बुडवून “ऊ” म्हणत सलग बुडबुडे काढायचे. तीन मिनिटं, दिवसातून पाच वेळा. बाईंनी पहिल्या आठवड्यात नळी तळापर्यंत बुडवली होती, जास्त खोल म्हणजे जास्त फायदा या हिशोबाने. पाणी खोल असलं की हवा ढकलावी लागते आणि तोच जोर पुन्हा मानेत येतो. गाल फुगले किंवा बुडबुडे तुटले तरी व्यायाम बिघडला समजायचं.

चौथ्या आठवड्यापासून मींड. आरशासमोर, एक बोट हनुवटीवर, दुसरं कंठमण्यावर. मंद्र पंचमापासून हलक्या “ऊ” वर चढायचं आणि जिथे हनुवटी हलते किंवा कंठमणी जबड्याखाली पळतो, तिथून दोन सूर खाली थांबायचं. मोठ्या आवाजात नाही. उंच सूर हळू आवाजात काढला की क्रिकोथायरॉइडला काम जास्त पडतं, जोरात काढला की हवेचा दाब आणि मान ते काम उचलतात. नाट्यपदांचा भरदार लगाव अंगात मुरलेल्या गळ्याला हेच सगळ्यात अवघड गेलं.

खर्ज बंद केला नाही, तासाचा दहा मिनिटांवर आणला. खर्जाने आवाज भरतो यात वाद नाही, पण तिथे काम करणारे स्नायू वेगळे. वरचा सूर गेला म्हणून खालचा तासभर घोटणं म्हणजे ज्याला शिकवायचंय त्याला सोडून दुसऱ्यालाच शिकवणं.

क्लाससाठी गळ्यात अडकवायचा छोटा माइक घेतला. थकवा कमी होण्यात त्याचा वाटा मोठा होता.

परिणाम

जूनमध्ये जोर न लावता ४४० हर्ट्झ लागू लागला आणि हनुवटीखालचं दुखणं गेलं होतं. सप्टेंबरात ४९४. नवरात्रात पांढरी चारमध्ये, तार मध्यमावर थांबणारी पदं निवडून एक कार्यक्रम झाला. तार पंचमाची जागा असलेलं एक आवडतं पद त्यांनी शेवटच्या क्षणी वगळलं. तालमीत ते जमलं होतं, पण मान पुन्हा पुढे येत होती.

वर्ष पूर्ण झालं तेव्हा ५२३ पक्का, चांगल्या दिवशी ५५४. एका श्वासात १६ सेकंद. फटीवर बोट ठेवलं तर उजवीकडेही हालचाल लागते, डाव्याइतकी नाही. ६२२ आला नाही, आणि वर्षानंतर तो येण्याची शक्यता कमी असल्याचं त्यांना सांगितलं आहे. क्लास पूर्वीसारखा दोन बॅचेसचा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

शस्त्रक्रियेच्या आधी पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग. मंद्रापासून तारापर्यंत एक मींड, सर्वात वरचा टिकणारा सूर, एका श्वासातला “आ” आणि मिनिटभर बोलणं. मोबाइल एक हात अंतरावर, खोली शांत. या बाईंच्या बाबतीत जुना व्हिडिओ नशिबाने सापडला. गाणारे, कीर्तनकार, शिक्षक, भाजी मंडईत लिलाव पुकारणारे, या सगळ्यांना ते लागू आहे. “तुमचं पोट आवाजावर चालतं का?” एवढा प्रश्न शस्त्रक्रियेच्या अर्जात असला तरी पुरे.

शस्त्रक्रियेत वरचं टोक बांधण्याआधी नस शोधणं. नर्व्ह मॉनिटर (नसेला सूक्ष्म वीज देऊन ती ओळखणारं यंत्र) असेल तर एक मिलीअँपिअरच्या विजेने क्रिकोथायरॉइड आकसताना डोळ्यांनी दिसतो. मॉनिटर नसला तरी धमनीच्या फांद्या ग्रंथीला लागून एकेक बांधायच्या, एकत्र गठ्ठा बांधायचा नाही. नस दिसली की नाही, हे नोंदीत लिहायचं. न दिसणं हा दोष नाही, ती प्रत्येकात दिसतेच असं नाही, पण लिहिलेलं असलं की पुढच्याला अंदाज बांधता येतो.

सहाव्या आठवड्यातली दुर्बीण बाईंना “आ” म्हणायला लावून थांबली. त्याच खुर्चीत “आता वर जा” एवढं सांगितलं असतं तर आठ आठवडे वाचले असते, आणि मानेची सवय इतकी पक्की झाली नसती.

ईएमजी पहिल्या तीन महिन्यांत केली असती तर उपचार बदलले नसते, हे अजूनही खरं वाटतं. मात्र कार्यक्रमांच्या तारखा घेणाऱ्या रुग्णाला हा खर्च आणि हा फायदा दोन्ही मांडून निवड त्यांच्यावर सोडायला हवी होती. पट्टी उतरवण्याचा निर्णयही महिनाभर आधी घेता आला असता. क्लासमधल्या मुलींना त्याचं काही वाटलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तंबोऱ्याच्या ॲपवर दोन पट्ट्या लावून ठेवल्या, एक ताईंची, एक स्वतःची.